ताटाची डावी बाजू

प्रश्न : ताई, मार्चमध्ये आम्ही नव्या घरात राहायला आलो. दिवाणखान्यांचे तीन-चारशे फोटो फोनमध्ये साठवलेत, पण आमची भिंत अजून कोरीच आहे. स्वयंपाकाचंही तेच. रात्री पाककृतींचे व्हिडिओ बघत झोपते आणि सकाळी पुन्हा बटाट्याची भाजी होते. तुम्हाला नवीन सुचतं तरी कुठून?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : तुमचं पत्र आलं तेव्हा मी ओट्यापाशी दोडके सोलत होते, म्हणून तिथूनच सुरुवात करते. दोडक्याच्या शिरा मी टाकत नाही. त्या बारीक चिरायच्या, चमचाभर तेलावर मंद आचेवर परतत राहायचं. आधी त्या मऊ पडतात, पाणी सोडतात, आता काही खरं नाही असं वाटतं. मग दहा-बारा मिनिटांनी आवाज बदलतो, झाऱ्याखाली कुरकुर ऐकू येते. तेव्हा तीळ, किसलेलं सुकं खोबरं, तिखट, मीठ आणि चिमूटभर साखर. ही चटणी पानात वाढायची ती चमचाभरच, आणि डावीकडे.

माझ्या सासूबाई पान वाढायला बसल्या की आधी मीठ वाढायच्या. मग मिठाच्या डावीकडे लिंबाची फोड, चटणी, लोणचं, कोशिंबीर. उजवीकडे भाजी आणि आमटीची वाटी. मध्ये भाताची मूद, त्यावर वरण, त्यावर तूप. लग्नानंतर कित्येक वर्षं मी ते पान नुसतं वाढत होते. एकदा सणाला उभी राहून वरून पाहिलं तेव्हा लक्षात आलं, की पानातले सगळे झणझणीत रंग आणि सगळ्या तिखट-आंबट चवी डावीकडे आहेत, आणि त्या अगदी थोड्या आहेत. पोट भरणारं, सौम्य, फिक्या रंगाचं जे आहे, त्याला मोठी जागा दिलेली आहे. चमचाभर चटणीमुळे तो पांढरा भात इतका देखणा दिसतो.

तेव्हापासून मी घर असंच लावते. तुमच्या फोनमधल्या फोटोंचा घोटाळाही मला हाच वाटतो. प्रत्येक फोटोत कुणाच्या तरी घरची चटणी आहे. ती सगळी एका पानात वाढली तर जेवणार काय?

म्हणून आधी तुमचा भात कोणता ते ठरवा. भिंत, फरशी, मोठे पडदे, सोफा हा सगळा भात. मी नव्या घरात आले तेव्हा एका फोटोवरून राखाडी रंग पसंत केला होता. फोटोत तो सुरेख होता. आमचं स्वयंपाकघर पश्चिमेचं, आणि संध्याकाळी दिवा लागला की तोच रंग चुलीतल्या राखेसारखा दिसायचा. तिथे उभं राहवेना. दुसऱ्या वेळी मी रंगाचा लहान डबा आणला, मोठ्या कार्डशीटवर दोन हात मारले आणि ती शीट चार दिवस भिंतीला चिकटवून ठेवली. सकाळी पाहिली, दुपारी पाहिली, ट्यूबलाइटमध्ये पाहिली, पिवळ्या दिव्यात पाहिली. शेवटी निवडला तो दुधावरच्या सायीचा रंग. आणि त्यासमोर डावी बाजू म्हणून एकच गोष्ट, आमसुलाच्या रंगाचं लाकडी स्टूल. दहा वर्षं झाली, मला त्या कोपऱ्याचा कंटाळा आलेला नाही.

डावी बाजू दुकानात शोधण्याआधी घरातली पेटी उघडा. ओटीत आलेले आणि कधीच न शिवलेले खण प्रत्येक घरात असतात. गुळेदगुडचा एखादा हिरवा किंवा जांभळा खण, त्याचे लाल काठ, बस्स. फ्रेम करा, नाहीतर जेवणाच्या टेबलावर पट्टीसारखा आडवा घाला. दोन खण शेजारी ठेवू नका, ते एकमेकांचं तेज खातात.

आणि चिंचवडला राहता, तर एक सकाळ पुण्यात शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयासाठी काढाच. दिनकर केळकरांनी आपल्या लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने हा संग्रह उभा केला आणि १९७५ मध्ये तो महाराष्ट्र शासनाला देऊन टाकला. मला तिथलं काय आवडतं सांगू? राजेरजवाड्यांच्या वस्तूंपेक्षा अडकित्ते, दिवे आणि स्वयंपाकघरातली भांडी. सुपारी कातरायचं एवढंसं हत्यार, पण कुणाला तरी त्याच्या मुठीवर मोर हवा होता. रोज हातात येणारी वस्तू सुंदर असावी ही हौस त्या माणसांना होती. तिथे फोन पर्समध्ये ठेवा आणि वहीत तीनच वस्तूंची चित्रं काढा. वेडीवाकडी चालतील. हाताने काढलेलं मनात राहतं. मी तिथे एक झुलता दिवा काढून आणला होता आणि घरी येऊन माळ्यावरची आजेसासूबाईंची पितळी साखळी शोधून काढली. आज तिला आमच्या बाल्कनीत मनीप्लांट टांगलाय.

येताना मंडईत जा. १८८६ सालची ती अष्टकोनी इमारत आणि तिच्या भोवतीचे गाळे मी अजूनही यादी न घेता फिरते. यादी हातात असली की डोळे यादीतलंच शोधतात. परवा फणसाची कुयरी दिसली, ती घेतली, आणि त्या दिवशीचा स्वयंपाक तिनेच ठरवला.

राहिली तुमची बटाट्याची भाजी. ती खुशाल करा! रोज अख्खं जेवण बदलायला जाऊ नका, नोकरी करून ते कुणालाच झेपत नाही. डावी बाजू बदला. सोमवारी कैरीचा तक्कू, मंगळवारी खमंग काकडी, बुधवारी जवसाची चटणी, मग दोडक्याच्या शिरा. भाजी तीच असली तरी घरचे विचारतील, आज काय विशेष?

प्रश्न : आम्ही भाड्याने राहतो. घरमालक एकही खिळा ठोकू देत नाहीत. अशा घरात सजावट कशी करायची?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : पडद्याची दांडी तुमचीच आहे ना? तिला जाड सुती दोरा बांधून हवं ते टांगा. आजीची गोधडी असेल तर सोफ्याच्या पाठीवर टाका, पण उलटी बाजू वर ठेवून. तिथे धावदोऱ्याचे टाके जास्त छान दिसतात. आणि उंबऱ्याबाहेर रोज चार ठिपक्यांची का होईना, रांगोळी काढा. तिला खिळा लागत नाही आणि घरमालकही काही बोलणार नाहीत.

प्रश्न : काकू, मी जर्मनीत असते. आईकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू मोठं व्हायचं. यंदा इथे करायचं मनात होतं, पण कैरी मिळेना, आणि आरास करायला काही सुचेना. अक्षय तृतीया अजून हातात आहे. काय करू?
— एक वाचक, स्टुटगार्ट

उत्तर : अगं, तू अगदी योग्य महिन्यात विचारलंस. दोन वर्षांपूर्वी चैत्रात मी लेकीकडे तिकडेच होते आणि हीच अडचण आली होती. बाजारात गेलो तर जिकडेतिकडे ऱ्हुबार्बच्या लालबुंद दांड्या. एक तुकडा चाखला आणि दात आंबले. म्हटलं, ही तर इथली कैरी! एप्रिलपासून जूनपर्यंत तिचा हंगाम असतो, म्हणजे आपल्या पन्ह्याच्याच दिवसांत.

अर्धा किलो दांड्या घे. पानं मात्र आठवणीने काढून टाक, ती विषारी असतात, खायची नाहीत. तुकडे करून अगदी थोड्या पाण्यात शिजव, तिचं तिलाच खूप पाणी सुटतं. गाळून घे, कारण तंतू राहतात. गर कोमट असताना साधारण तेवढाच गूळ, वेलची आणि मिठाची चिमूट. केशर घालू नकोस, आधीच सुंदर गुलाबी रंग येतो.

डाळीला मात्र ऱ्हुबार्ब चालत नाही. तिथे हिरवं आंबट सफरचंद किसून घाल आणि वर लिंबू पिळ. वाटीभर हरभऱ्याची डाळ चार-पाच तास भिजवून, पूर्ण निथळून, पाणी न घालता भरड वाट. वरून मोहरी, हिंग, हळद आणि सुक्या मिरचीची फोडणी. ओलं खोबरं गोठवलेलं मिळतं, ते चालतं.

आराशीसाठी जास्त जमवाजमव करू नकोस. आम्ही पुस्तकांच्या तीन पायऱ्या केल्या, त्यावर आईची जुनी साडी घडी घालून पसरली आणि वर गौर बसवली. कलिंगडाचं कमळ कातरलं. लेकीच्या घरात गालिचा, अंगण कुठलं? मग काळ्या पुठ्ठ्यावर तांदळाच्या पिठीने चैत्रांगण काढलं. झोपाळा, शंख, चक्र, गोपद्मं, तुळशीवृंदावन, जे आठवलं ते. गोपद्मं किती काढायची यावरून आमचं थोडं वाजलं, तेव्हा व्हिडिओ कॉलवर माझ्या नणंदेला विचारलं.

वरच्या मजल्यावरच्या जर्मन आजी आल्या होत्या. हळदीकुंकू लावून घेतलं, भिजवलेल्या हरभऱ्यांची ओटी रुमालात बांधून घेतली. पन्ह्याचा पहिला घोट घेऊन थांबल्या, पेल्यात वाकून पाहिलं आणि लेकीला विचारलं, ‘हा आमचाच ऱ्हुबार्ब आहे का?’