खाते क्रमांकाचे खंड कसे पाडावेत?

प्रश्न : बेळगावात उद्यमबाग येथे आमचा कास्टिंगच्या मशीनिंगचा कारखाना असून गेल्या वर्षी आम्ही चंदगड तालुक्यातील शिनोळीत दुसरी शेड सुरू केली. आमच्या खातेवहीत ‘वीजबिल’, ‘वीज बिल शिनोळी’ आणि ‘लाईट बिल नवी शेड’ अशी तीन खाती झाली आहेत. नव्या सॉफ्टवेअरमध्ये खाते क्रमांकाचे खंड, म्हणजे प्रत्येकी वेगळी माहिती सांगणारे भाग, पाडता येतात, असे समजले. ते किती व कोणते असावेत?
– एक वाचक, उद्यमबाग

उत्तर : आपल्या तीन खात्यांतच दुखणे दिसते. खर्च एकच, तो वीजबिलाचा. हेस्कॉमचे बिल बेळगावचे आणि महावितरणचे शिनोळीचे, एवढाच फरक. हा फरक नावात न घालता क्रमांकाच्या वेगळ्या खंडात घालावा. पहिला खंड मूळ खात्याचा, चार अंकी, दुसरा ठिकाणाचा, आणि खरोखरच गरज असेल तर तिसरा विभागाचा. म्हणजे वीजबिल ५२१० ठरले, की ते दोन्ही शेडमध्ये ५२१०च राहील आणि पुढचा खंड तेवढा बदलेल.

ठिकाणाच्या खंडाचा विचार सर्वांत काळजीपूर्वक करावा. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन अंक राज्याचे असतात, कर्नाटकाचे २९ आणि महाराष्ट्राचे २७. तेच घेऊन शेवटी एक अंक जागेसाठी जोडावा : बेळगाव २९१, शिनोळी २७१. उद्या निपाणीत गोदाम घेतले तर २९२ तयारच असेल. नुसते २९ आणि २७ ठेवण्याचा मोह होतो, पण एकदा नोंदी पडल्यावर खंडाची लांबी बदलणे बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये अतिशय अवघड, काहींत तर अशक्य असते.

राज्यनिहाय खंड हवाच, कारण आपल्या दोन शेड एकाच मालकीच्या असल्या तरी जीएसटी कायद्याच्या दृष्टीने त्या दोन भिन्न व्यक्ती आहेत. बेळगावचा माल विक्रीसाठी शिनोळीला पाठवला, की आयजीएसटीसह (दोन राज्यांमधील व्यवहारावरचा जीएसटी) कर-बीजक करावे लागते, आणि एका नोंदणीच्या खात्यात शिल्लक असलेले इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची मिळणारी वजावट) दुसऱ्या नोंदणीचा कर भरण्यासाठी वापरता येत नाही. म्हणून दोन शेडमधील आपसातल्या विक्री व खरेदीसाठी वेगळी मूळ खाती उघडावीत; ती बाहेरच्या विक्रीत मिसळली, तर एकत्रित हिशेबात उलाढाल फुगलेली दिसेल. भांडवलासाठी ठिकाणाचा खंड ०००, म्हणजे कोणत्याच एका शेडचा नाही असा, ठेवणार असाल, तर आपसातले देणे-घेणे दाखवणारी दोन्ही शेडची शाखा खातीही लागतील. नाहीतर ठिकाणनिहाय तेरीज (ट्रायल बॅलन्स) जुळणार नाही.

तिसऱ्या खंडाबाबत मी हात आखडता घ्यायला सांगेन. १२० मूळ खाती, दोन ठिकाणे आणि तीन विभाग धरले तरी ७२० क्रमांक संभवतात. ते सगळे आधीच उघडून ठेवू नयेत. नोंद करण्याची वेळ येईल तेव्हाच तो क्रमांक उघडावा. ग्राहक, यंत्र किंवा कामाचा ऑर्डर क्रमांक खंडात कधीही घालू नये. त्यांच्यासाठी पोटखाती आणि कॉस्ट सेंटर (खर्च वेगळा मोजण्याची सोय) असतात.

आणखी एक. खात्यांची यादी एक्सेलमधून चढवणार असाल, तर तो रकाना आधी ‘टेक्स्ट’ करून घ्यावा. अन्यथा ००० चे नुसते ० होते आणि यादी चढतच नाही किंवा चुकीच्या खंडावर चढते. जुन्या तीन खात्यांच्या नोंदी मात्र मागे जाऊन बदलू नयेत. ताळेबंदातील खात्यांच्या १ एप्रिलच्या आरंभीच्या शिलका नव्या क्रमांकांवर आणाव्यात आणि जुन्या-नव्या क्रमांकांचा तक्ता लेखापरीक्षकांसाठी जपून ठेवावा.