बॅग उशिरा आली, लेन्स फुटली: तक्रार कुणाकडे करायची?

तुमचं पत्र वाचलं. दोन विमान कंपन्या, पण तिकीट एकच. चेक-इन केलेली बॅग नऊ दिवसांनी मिळाली, उघडली तर कॅमेऱ्याची लेन्स फुटलेली. त्याला आज चार दिवस झाले. दोन्ही कंपन्या एकमेकींकडे बोट दाखवताहेत, म्हणून तुम्हाला थेट ‘इकाओ’कडे, म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेकडे, दाद मागायची आहे.

त्यात वेळ घालवू नका, अशी कळकळीची विनंती. १९४४च्या शिकागो करारातून स्थापन झालेली इकाओ ही सरकारांची संस्था आहे. प्रवाशांचे भरपाईचे दावे ती चालवत नाही. ‘आयाटा’ तर विमान कंपन्यांचीच संघटना. तुमच्या कामाचा आहे १९९९चा मॉन्ट्रियल करार, म्हणजे आंतरराष्ट्रीय विमानप्रवासातल्या भरपाईचे नियम ठरवणारा करार. तुमचा प्रवास सुरू झाला आणि संपला ते दोन्ही देश त्यात सामील असतील, तर तो लागू होतो.

त्याच्या ३१व्या अनुच्छेदाप्रमाणे चेक-इन सामानाच्या नुकसानीची लेखी तक्रार सामान मिळाल्यापासून ७ दिवसांत करावी लागते. ही मुदत हुकली की कंपनीने लबाडी केल्याचं दाखवल्याशिवाय दावाच चालत नाही. विमानतळावर कागद भरून दिला होता, असं तुम्ही लिहिता. तो बॅग न आल्याचा कागद. फुटलेल्या लेन्सबद्दल त्यात काही असणारच नाही, कारण तेव्हा बॅग तुमच्या हातातच नव्हती.

म्हणून आजच दोन्ही कंपन्यांना ईमेल करा. तिकीट, बॅगेच्या टॅगचा नंबर, लेन्सचे फोटो आणि खरेदीची पावती जोडा. बॅगेला अडकवलेला टॅग काढला असेल तर फेकू नका. मधल्या दिवसांत घ्यावे लागलेले कपडे वगैरे खर्चही त्याच पत्रात मागा. बॅग उशिरा आल्याच्या तक्रारीला २१ दिवस असले तरी थांबण्यात काही फायदा नाही.

कंपन्यांच्या टोलवाटोलवीला ३६व्या अनुच्छेदात उत्तर आहे. सामानासाठी पहिली कंपनी, शेवटची कंपनी आणि ज्या टप्प्यात नुकसान झालं ती कंपनी, अशा तिघींवर तुम्ही दावा लावू शकता. नेमकी लेन्स कुठे फुटली, हे शोधत बसण्याची वेळ तुमच्यावर येत नाही.

रकमेला मात्र मर्यादा आहे. २८ डिसेंबर २०२४पासून ती प्रत्येक प्रवाशामागे १,५१९ एसडीआर आहे; एसडीआर म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक. नुकसान आणि उशीर दोन्ही त्यातच बसवायचे. लेन्स फार महागडी असेल आणि चेक-इन करताना जादा मूल्य जाहीर केलं नसेल, तर पूर्ण किंमत मिळण्याची आशा धरू नका. कंपन्या बधल्या नाहीत तर कोर्टात जायला २ वर्षं आहेत.

तक्रार मुदतीत रवाना झाली तरी पुरते, म्हणून ईमेलसोबत रजिस्टर्ड पत्रही टाका आणि पोस्टाची पावती सांभाळून ठेवा.