तो झोपला नव्हता

‘माझा मुलगा २६ वर्षांचा आहे. एप्रिलमध्ये त्यानं जीव द्यायचा प्रयत्न केला, देवाच्या कृपेनं वाचला. गावात आम्ही कावीळ झाली होती असंच सांगितलंय, उगाच पोलिसांचं झंझट नको. तेव्हापासून मी नाहीतर त्याचे वडील, कुणीतरी सतत त्याच्याजवळ असतो. गोळ्या चालू आहेत. जेवतो, पण बोलत नाही. भजनातला त्याचा एक मित्र दोनदा येऊन गेला, आम्ही झोपलाय म्हणून सांगितलं. नातेवाईक म्हणतात, लग्न लावून द्या, मन रमेल. द्यावं का?’
– एक आई, सातारा जिल्हा

ताई, लग्न नको. लोकाची लेक औषध म्हणून घरात आणायची नसते. त्या प्रश्नावर एवढंच.

मी अडकले ते त्या मित्रापाशी. तुम्ही जाता जाता लिहून गेलात, मी मात्र ती ओळ पुन्हा पुन्हा वाचतेय. कावीळ झालेल्याला बघायला लोक एकदा येतात. दुसऱ्यांदा आला, म्हणजे त्या पोराला काहीतरी उमगलंय. त्याला तुम्ही उंबऱ्यावरूनच परत लावलंत. आणि मुलगा आत जागाच असणार ना? त्यानं ऐकलं असेल. आपण आता लपवायची गोष्ट झालोय, हे त्याला आईच्या तोंडून कळलं. मला राग आलाय, ताई.

तुम्ही दोघं त्याची राखण करताय. सुरुवातीला ती हवीच होती. घातक वस्तू कुलपात आणि गोळ्या तुमच्या हातानं, हे अजूनही सोडू नका. पण राखणीला बसलेल्या माणसाशी कोण मोकळं बोलतं?

जागतिक आरोग्य संघटनेनं पाच देशांत एक अभ्यास केला होता, आपलं चेन्नईही त्यात होतं. आत्महत्येच्या प्रयत्नानंतर दवाखान्यात आलेली १,८६७ माणसं. काहींना नेहमीचे उपचार दिले. बाकीच्यांशी तासभर नीट बोलले, आणि पुढच्या दीड वर्षात नऊ वेळा कुणीतरी फोन केला किंवा घरी गेलं. कसं चाललंय, काही लागतंय का. त्यातल्या पाच खेपा पहिल्या तीन महिन्यांतच. २००८ साली निष्कर्ष छापून आले: नुसत्या नेहमीच्या उपचारांवर राहिलेल्यांपैकी शेकडा २.२ जण पुढं आत्महत्येनं गेले, ज्यांची विचारपूस होत राहिली त्यांच्यातले शेकडा ०.२. विचारपूस करणारे त्या कामातले जाणते लोक होते, म्हणून डॉक्टरांची एकही फेरी चुकवायची नाही. पण तुमच्या दारात तर कुणी न सांगता, आपणहून दोनदा आलं होतं!

पोलिसांची धास्ती सोडा. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं ११५ वं कलम असं धरूनच चालतं की असा माणूस तीव्र ताणाखाली होता. वेगळं काही सिद्ध झाल्याशिवाय त्याच्यावर खटला होत नाही. गावाला काही सांगू नका, गावाचा काय संबंध?

आज रात्री जेवताना मुलाला एवढंच म्हणा: ‘तो दोनदा आला होता. आम्ही खोटं सांगितलं, चुकलं आमचं. बोलावू का?’ नको म्हणाला तर पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारा. मित्राला काय सांगायचं, किती सांगायचं, ते मुलगा ठरवील.

‘पुन्हा तसं मनात येतं का रे?’ हेही विचारा, अगदी सरळ. विचारल्यानं तसले विचार डोक्यात शिरत नाहीत. हो म्हणाला तर एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. रात्री-अपरात्री बोलायला १४४१६ हा सरकारी टेली-मानसचा फोन आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. तुम्हाला स्वतःला रडू फुटलं तरी लावा.

मित्र आला की चहा ठेवा आणि तुम्ही दोघं अंगणात जाऊन बसा. दोघं पोरं गप्प बसली तरी बसू द्या. मध्ये उठून डोकावू नका.