एचडीआर चित्रणाचे रंग साध्या टीव्हीवर का बिघडतात?

प्रश्न : गेल्या महिन्यात माझ्या माहेरी, बडोद्याच्या दांडिया बाजारात, भाच्याची मुंज झाली. भावाने सगळे चित्रण आयफोनवर केले आणि त्याच्या फोनवर ते सुरेख दिसते. आईच्या जुन्या टीव्हीसाठी मी ते एका मोफत कन्व्हर्टरमधून काढले, तर सगळे राख फासल्यासारखे फिके झाले. सॅच्युरेशन, म्हणजे रंगांचा गडदपणा, वाढवले, तेव्हा बटूचा चेहरा नारिंगी झाला आणि वहिनीच्या शालूच्या राणी रंगाच्या काठाचा नुसता सपाट पट्टा उरला. मूळ रंग परत मिळतील का?
— एक वाचिका, बडोदे

उत्तर : मूळ फाइल हाताशी असेल, तर नक्की मिळतील. आपले रंग गेलेले नाहीत. ते चुकीच्या मापाने वाचले गेले आहेत. आयफोन १२ पासून, म्हणजे २०२० पासून, हे फोन दहा बिटांचे, म्हणजे छटांची बारीक नोंद ठेवणारे, एचडीआर (उजेड-अंधाराचा मोठा पल्ला टिपणारे) चित्रण करतात. त्यात प्रकाशाची नोंद बीबीसी आणि जपानच्या एनएचके यांनी मिळून तयार केलेल्या एचएलजी (हायब्रिड लॉग-गॅमा) पद्धतीने होते, आणि रंग बीटी.२०२० या विस्तृत मानकात मांडलेले असतात. आईचा टीव्ही मात्र १९९० सालचे बीटी.७०९ हे मानक धरून चालतो. लाल रंगाचा जो आकडा नव्या मानकात गडद कुंकवाचा लाल सांगतो, तोच आकडा जुन्या टीव्हीला त्याच्या आपल्या, कमी गडद लालचा वाटतो. कन्व्हर्टरने आकडे तसेच ठेवून फक्त फाइलचा प्रकार बदलला, म्हणून चित्र फिके पडले.

त्यावर सॅच्युरेशन वाढवणे हा उपाय नव्हे, कारण ते सर्वच रंगांना सरसकट पुढे ढकलते. शालूचा काठ टीव्ही दाखवू शकेल त्या मर्यादेजवळ आधीच होता. तो तिथे जाऊन टेकला आणि चुण्यांमधला फिका-गडद फरक पुसला गेला.

योग्य रीत अशी, की आधी एचएलजीची वक्ररेषा (प्रकाशाचे आकड्यांत रूपांतर करणारे सूत्र) उलटवून आकडे प्रत्यक्ष प्रकाशाच्या प्रमाणात आणावेत, त्याच अवस्थेत रंग बीटी.७०९ मध्ये बदलावेत, अतिप्रखर भाग हळुवार दाबून आटोक्यात आणावेत, आणि मगच ७०९ ची वक्ररेषा लावून फाइलवर तशी खूण नोंदवावी. प्रखर भाग दाबण्याच्या या कामाला टोनमॅपिंग म्हणतात, आणि खरी कसोटी तिथेच लागते. मुंजीतल्या होमाची ज्वाला नीट पाहा. केशरी ज्वालेत लाल सर्वांत जास्त आणि हिरवा त्याहून कमी असतो. मर्यादेबाहेरचे आकडे सरळ छाटले, तर लाल मर्यादेला टेकून थांबतो, हिरवा त्याला गाठू लागतो आणि ज्वाला पिवळी पडते. उन्हात उभ्या असलेल्या बटूच्या कपाळावरही हेच घडते, फक्त तिथे ते चटकन लक्षात येत नाही.

डाविंची रिझॉल्व्ह या चित्रण-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये हे काम 'कलर स्पेस ट्रान्सफॉर्म' करते. येणाऱ्या बाजूला रेक.२०२० (बीटी.२०२० चेच दुसरे नाव) आणि एचएलजी, जाणाऱ्या बाजूला रेक.७०९ आणि गॅमा २.४ (टीव्हीची वक्ररेषा) निवडावे, टोनमॅपिंग चालू ठेवावे आणि गॅमट मॅपिंगसाठी (मर्यादेबाहेरचे रंग आत आणण्यासाठी) 'सॅच्युरेशन कॉम्प्रेशन' घ्यावे, म्हणजे राणी काठाच्या चुण्या टिकतील. एफएफएमपेग हे फाइल बदलण्याचे मोफत साधन वापरत असाल, तर 'झेडस्केल' आणि 'टोनमॅप' हे फिल्टर जोडीने लावावेत. त्यातला 'हेबल' पर्याय सगळेच चित्र थोडे काळवंडतो, तर 'मोबियस' मधल्या छटांना फारसा हात न लावता प्रखर भागच दाबतो. घरगुती, चेहऱ्यांनी भरलेल्या चित्रणासाठी मी मोबियसच सुचवीन. पूर्ण तासाभराची फाइल लावण्याआधी होम, आईचा चेहरा आणि शालू एकत्र दिसतील असा दहा सेकंदांचा तुकडा काढून त्याच जुन्या टीव्हीवर पाहून घ्यावा.

प्रश्न : एका डॉल्बी व्हिजन (डॉल्बी कंपनीची एचडीआर पद्धत) फाइलमध्ये चेहरे हिरवे-जांभळे दिसतात. माझ्याच संगणकाचा दोष असेल का?
— एक वाचक, अलकापुरी, बडोदे

उत्तर : दोष संगणकाचा नाही. ती फाइल बहुधा 'प्रोफाइल ५' ची असावी. तिच्यात रंग नेहमीच्या पद्धतीने नव्हे, तर डॉल्बीच्या स्वतंत्र मांडणीत साठवलेले असतात आणि ती मांडणी न जाणणारा प्लेअर असेच हिरवे-जांभळे रंग दाखवतो. एफएफएमपेगचा 'लिबप्लासेबो' फिल्टर ती वाचून साध्या पडद्यासाठी योग्य रूपांतर करू शकतो. आयफोनचे एचडीआर चित्रणही डॉल्बी व्हिजनचेच असते, पण त्यात ही अडचण येत नाही, कारण त्याच्या मुळाशी साधे एचएलजी असते.