वाचकांचे प्रश्न : ऑटोमॅटिक गाडीतला ‘एम’

प्रश्न : नवी ऑटोमॅटिक गाडी घेतली आहे. लिव्हर ‘डी’वरून बाजूला सारला की ‘एम’ येतो, तिथे अधिक-उणेच्या खुणा आहेत. क्लच पेडलच नाही, मग गिअर आपण बदलतो की गाडी? (एक वाचक, सातारा)

उत्तर : मागणी तुमची, मंजुरी गाडीची. ‘एम’ म्हणजे मॅन्युअल, ‘डी’ म्हणजे ड्राइव्ह. त्या खाचेतला लिव्हर गिअरना जोडलेला नसतो; दारावरच्या बेलच्या बटणासारखा तो नुसता स्विच असतो. उण्याकडे ढकलला की संदेश गिअरबॉक्सच्या कंट्रोल युनिटला जातो आणि ते गाडीचा वेग व इंजिनाचा आरपीएम (मिनिटाला होणारे फेरे) तपासतं. समजा, चौथ्या गिअरमध्ये ताशी 80 किमीला आरपीएम 2,200 आहे आणि दुसऱ्या गिअरचं गुणोत्तर चौथ्याच्या दुप्पट आहे. दुसरा टाकला तर 4,400 होईल, हरकत नाही. ताशी 120 ला तोच हट्ट धरलात तर 6,600, म्हणजे बऱ्याच पेट्रोल इंजिनांच्या लाल रेषेपलीकडे (फेऱ्यांच्या सुरक्षित मर्यादेपलीकडे). तिथे गाडी ऐकत नाही. आकडा लुकलुकतो किंवा बीप वाजते.

मंजुरी मिळाली की सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर उघडझाप करणारे व्हॉल्व्ह) तेलाचा दाब एका क्लच पॅकवरून (गिअर जोडणाऱ्या चकत्यांच्या संचावरून) काढून दुसऱ्यावर देतात. हे झालं टॉर्क कन्व्हर्टरच्या, म्हणजे इंजिनाचा जोर तेलामार्फत गिअरबॉक्सला पोचवणाऱ्या गाडीत. एएमटीत (ऑटोमेटेड मॅन्युअल) गिअरबॉक्स साधाच असतो, तुमच्या हातापायाचं काम ॲक्ट्युएटर नावाचं यंत्र करतं; म्हणून वरचा गिअर पडताना झटका बसतो. त्या क्षणी ॲक्सिलरेटर किंचित सोडा, झटका कमी होईल. सीव्हीटीत (पुली-पट्ट्याच्या गिअरबॉक्समध्ये) तर मोजायला गिअरच नसतात. पुलींवरचा पट्टा ठरावीक टप्प्यांवर थांबवून ‘तिसरा’, ‘चौथा’ दाखवतात.

आणि खुणा नीट बघून घ्या. काही गाड्यांत अधिक पुढे असतो, तर बीएमडब्ल्यू, माझदा यांच्या गाड्यांत मागे.

प्रश्न : घाट उतरताना ‘डी’ पुरत नाही का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : लांब उतारावर नाही, आणि ‘एम’चा खरा उपयोग इथेच आहे. पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला की ‘डी’ला वाटतं, जोर नको आहे, ते वरचा गिअर धरतं आणि गाडी सुटते. (काही नव्या गाड्या उतार ओळखून स्वतः गिअर खाली आणतात, पण त्यावर विसंबू नका.) मग सगळा भार ब्रेकवर येतो. पॅड तापले की पकड कमी होते, आणि ब्रेक ऑइल उकळलं तर पेडल थेट खाली जातं.

म्हणून उतार सुरू होण्याआधीच ‘एम’ लावा. ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरायचं, हा जुना नियम ऑटोमॅटिकलाही लागू आहे. आंबोली किंवा वरंध्यासारख्या वळणांच्या घाटात बहुधा दुसरा-तिसरा लागतो. गाडी नकार देत असेल तर आधी ब्रेकने वेग कमी करा, मग उणे दाबा. इंजिनाचा आवाज वाढला म्हणून घाबरू नका. 3,500-4,000 आरपीएमला पेट्रोल इंजिनाचं काही बिघडत नाही. पाय उचललेला असताना इंजेक्टर बंद असतात, त्यामुळे पेट्रोलही जळत नाही. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायलाच पेट्रोल लागतं आणि इंजिनाचा ब्रेक, म्हणजे इंजिनाने गाडीला आवरून धरणं, मिळत नाही. इंधन वाचवायला गाडी न्यूट्रलवर सोडणं म्हणजे शुद्ध वेडेपणा.

प्रश्न : ‘एम’मध्ये असूनही गाडी कधीकधी आपणहून गिअर बदलते. बिघाड आहे का? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : वेग उतरला की ती खालचा गिअर घेणारच, नाहीतर इंजिन गुदमरेल, थांबल्यावर पहिला येतो. लाल रेषेला काही गाड्या वरचा गिअर टाकतात, काही तिथेच अडून राहतात. हे ठरवूनच केलेलं असतं.

बिघाड वेगळा ओळखू येतो. लिव्हर ‘एम’मध्ये सारूनही पडद्यावर ‘डी’च दिसत असेल, तर लिव्हरखालचा स्विच किंवा त्याचा कनेक्टर आधी तपासा, तिथे सांडलेला चहा हेही कारण असू शकतं. गाडी एकाच गिअरमध्ये अडकली, अधिक-उणे काहीच चालेना आणि दिवा लागला, तर ती लिम्प मोडमध्ये, म्हणजे गिअरबॉक्स वाचवायच्या मर्यादित अवस्थेत, गेली आहे. अशा वेळी पुन्हा पुन्हा लिव्हर हलवू नका. हळू चालवत गॅरेजला न्या आणि स्कॅनर लावून बिघाडाचा कोड वाचून घ्या. टॉर्क कन्व्हर्टरची गाडी असेल तर तेलही बघायला सांगा. ते काळं पडून जळका वास येत असेल, तर क्लच पॅक घासले गेले आहेत आणि नुसतं तेल बदलून भागणार नाही.