वर्षाचा कागद

औसा, जि. लातूर

चि. सौ. पोरीस,
मावशीचे अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, दूध अर्ध्या लिटरचं पाव लिटर केलं, संध्याकाळची भाजी बंद केली, तरी वीस तारीख आली की जावईबापूंना कुणाकडं तरी हात पसरावा लागतो. तेव्हा घरात माणसं बसली होती, नीट बोलता आलं नाही. म्हणून सविस्तर लिहिते. दोघांनी मिळून वाचा.

आधी दूध पुन्हा अर्धा लिटर कर आणि संध्याकाळची भाजी सुरू कर. तुझ्या घरातला पैसा दुधातून जात नाहीये. पाव लिटर दुधाचे महिन्याला चार-साडेचारशे वाचले असतील. पण जूनमध्ये सासऱ्यांना बी-खतासाठी पाठवायला म्हणून तुम्ही बारा हजार काढले, शेकडा पाचनं. त्याचं व्याज महिन्याला सहाशे. म्हणजे तोंडचं दूध काढून तू व्याज भरतेस, आणि तेही पुरत नाही. जूनपासून आजवर तीन हजार गेले, मुद्दल जिथल्या तिथं. "शेकडा पाच" ऐकायला हलकं वाटतं. वर्षाचा हिशेब केला की ते ६० टक्के होतं. बँक वर्षाचा दर सांगते, सावकार महिन्याचा सांगतो. कुणीही दर सांगितला की आधी विचारायचं, महिन्याचा का वर्षाचा?

हे कर्ज सगळ्यात आधी मिटव. तुझं गंठण बँकेत ठेवून सोनेतारण कर्ज काढ, सावकाराचं मुद्दल एकरकमी देऊन टाक आणि मग बँकेचे हजार-अकराशे महिन्याला फेड. वर्षभरात गंठण गळ्यात येईल. लोक काय म्हणतील हे मनात आणू नकोस. सोनं अडचणीलाच असतं, आणि बँकेत ठेवलेलं कुणाला दिसतही नाही. त्या माणसानं जास्तीचं काही मागितलं किंवा दमदाटी केली, तर घाबरू नका. परवाना नसताना सावकारी करणं २०१४ च्या सावकारी कायद्यानं गुन्हा आहे, आणि सहकार खात्याच्या सहायक निबंधकाच्या कार्यालयात तक्रार घेतात.

हप्त्यावर वस्तू घेतानाही असंच बघायचं. बारा हजाराला वर्षभर सरसकट १२ टक्के लावले, तर व्याज १,४४० आणि हप्ता १,१२० येतो. ऐकायला बरं वाटतं. पण तू दर महिन्याला मुद्दल फेडत असतेस, पूर्ण बारा हजार वर्षभर तुझ्याकडं नसतातच. त्यामुळं खरा दर २१-२२ टक्क्यांच्या घरात जातो. बचत गटाची वही लिहिताना मी हे बायांना कितीदा तरी मांडून दाखवलं. एकदा कळलं की बाई पुन्हा फसत नाही.

आता मुख्य गोष्ट. तू महिन्याचा हिशेब लिहितेस, चांगलं आहे. पण घर महिन्यावर चालत नाही, वर्षावर चालतं. आपल्याकडं पाऊस चार महिन्यांत पडतो आणि पाणी बारा महिने पुरवावं लागतं. ज्यानं फक्त भरलेली विहीर बघितली, त्याचे मार्च ते मे हाल होतात. पैशाचं तेच आहे. पगार दर महिन्याला सारखा येतो, खर्च सारखा येत नाही. जून येणार हे काय नवीन होतं? मृग लागला की सासऱ्यांना बियाणं लागणार, हे जानेवारीतही ठाऊक असतं. एप्रिल-मेमध्ये लग्नं येणार, आहेर लागणार, गावाकडं जाणं-येणं होणार. दिवाळी येणारच. यातलं एकही संकट नाही. आपण लिहून ठेवत नाही म्हणून ते संकटासारखं येतं.

म्हणून एक मोठा कागद घे आणि बारा महिन्यांचे बारा रकाने पाड. भाडं, लाइट, गॅस, किराणा सोडून जे जे वर्षात एकदा-दोनदा येतं, ते ते त्या त्या महिन्यात लिही. तुझ्या घराचा मी अंदाज केला तो असा: वर्षाचं धान्य, डाळ, मसाला मिळून १२ हजार, बियाण्याला ५ हजार, आहेर आणि प्रवास ५ हजार, दिवाळी ४ हजार, दवाखाना ३ हजार, दोघांचा विमा ९१२. बेरीज ३० हजाराच्या जवळ जाते. बारानं भागलं की महिन्याला अडीच हजार. जावईबापूंच्या १८ हजार पगारातून एवढे काढायचे म्हटलं की छाती दडपते, मला कळतं. पण हे पैसे तू आजही खर्च करतेसच, फक्त उसने घेऊन, वर व्याज देऊन. पहिल्या वर्षी अडीच हजार जमणार नाहीत. हजारापासून सुरू कर आणि त्यातून फक्त ज्वारी आणि बियाणं एवढंच साध. कर्जाचा हप्ता संपला की तेच पैसे इकडं वळव. दिवाळीचा बोनस आला की त्यातले निम्मे याच खात्यात.

हे पैसे घरात ठेवू नकोस. पोस्टाचं आवर्ती खातं महिना १०० रुपयांपासून उघडतं, पण ते पाच वर्षांचं असतं, मध्येच जूनला हात लावता येत नाही. बियाण्याच्या पैशाला बँकेचं साधं बचत खातं बरं, फक्त ते मोबाइलवरून पैसे देण्याला जोडू नकोस. पैसे काढायचे तर बँकेत जाऊन स्लिप भरावी लागली पाहिजे. तेवढ्या वाटेत निम्मे खर्च आपोआप थांबतात.

बियाण्याचं अजून एक. जून उजाडायची वाट बघू नका. संक्रांतीला गावी जाल तेव्हा जावईबापूंनीच सासऱ्यांना सांगावं, "अण्णा, यंदा जूनमध्ये पाच हजार देईन, नक्की देईन, त्यावर नाही जमणार." आधी सांगितलं की म्हातारा माणूस त्याप्रमाणं तजवीज करतो, सोयाबीनचं घरचंच बियाणं राखून ठेवतो, उगवण तपासून पेरतो. ऐन पेरणीत नाही म्हणणं फार जिव्हारी लागतं. तुमच्या सासऱ्यांनी जमीन विकून शिकवलं नाही, पण राबून शिकवलं. त्यांना द्यायचंच. कर्ज काढून द्यायचं नाही, एवढंच.

आता धान्याकडं येते, कारण तुझ्या किराण्यात सगळ्यात मोठी गळती तिथं आहे. तू पाच-पाच किलो पीठ आणि किलोभर डाळ आणतेस. नवी तूर जानेवारी-फेब्रुवारीत बाजारात येते, रब्बीची ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये, गहू त्याच्या पाठोपाठ, हळद-मिरचीही उन्हाळ्याच्या तोंडावरच. आवक असते तेव्हा भाव नरम असतो आणि माल ताजा मिळतो. पावसाळ्यात तीच डाळ घ्यायला गेलं की दुकानदार सांगेल तो भाव. हळद आपल्या वसमतची घे, अख्खी घेऊन दळून आण.

घेतलेलं टिकलं पाहिजे. ज्वारी-गहू कडक उन्हात दोन-तीन दिवस दे. संध्याकाळी लगेच कोठीत भरू नकोस, पूर्ण गार होऊ दे. गरम धान्य भरलं की आत वाफ धरते आणि तिथूनच कीड लागते. ज्वारीत कडुनिंबाचा वाळलेला पाला घाल, तूरडाळीला एरंडेलाचा हात लाव. दोन खोल्यांत जागा नाही म्हणशील. दिवाणाखाली दोन पत्र्याच्या कोठ्या बसतात, मी बघून आलेय.

आणि रेशन. तुमचं नाव गावाकडच्या कार्डावर आहे, म्हणून तिकडं संभाजीनगरला धान्य मिळत नाही असं तुला वाटतं. तसं नाही. तुमचं कार्ड अन्नसुरक्षेतलं आहे, माणशी महिन्याला ५ किलो धान्य. एक देश एक रेशनकार्ड झाल्यापासून आधार जोडलेलं असेल, तर वाळूजच्या दुकानातही अंगठा लावून तुमच्या दोघांच्या वाट्याचं उचलता येतं. गावाकडचे आपलं गावात उचलतील. आधी घरच्यांशी बोलून घे, म्हणजे कुणी कुणाचं उचललं यावरून वाद नको.

खाण्यात काटकसर करायची ती अशी, पोटाला चिमटा काढून नाही. आपल्या मराठवाड्याच्या बायांना कमी पैशात सकस कसं रांधायचं हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे आणि तू ते विसरून बिस्किटं आणि नूडल्स आणतेस, याचं मला वाईट वाटतं. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि वाटीभर घट्ट वरण एवढ्यात माणूस दिवसभर राबू शकतो. भाजी नसेल त्या दिवशी येसराची आमटी कर. येसर, म्हणजे भाजलेल्या धान्य-डाळी-मसाल्याचं पीठ, मी पाठवते, चार महिने टिकतं. शिळ्या भाकरीचा कुस्करा, उरलेल्या वरणात कणकेची फळं, सकाळी मुरमुऱ्यांची सुशीला, डब्याला धपाटे. आठवड्यातून दोनदा अंडी. आता थंडीत मेथी, चुका, टमाटे स्वस्त असतात तेव्हा भरपूर खा. हरभऱ्याचा पाला मिळाला तर सावलीत वाळवून ठेव, मे महिन्यात कामाला येतो. आठवडी बाजारात दिवस मावळायला गेलीस तर ढीग लावून वाटे विकतात, तोच माल निम्म्यात पडतो. तेलाच्या पुड्यावरचं वजन वाचत जा. लिटरभर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. हल्ली पुडा तेवढाच दिसतो आणि आत तेल कमी असतं.

मोबाइलचं रिचार्ज २८ दिवसांचं घेतेस, म्हणजे वर्षात बारा नाही, तेरा वेळा. कागदावर तेरा लिही. वर्षाचं एकदम घ्यायला परवडलं तर बघ. लाइटचं घरमालकाला विचार, सब-मीटरला युनिटचा दर काय लावतो ते. पुढचा पंखा घेशील तेव्हा कमी वॅटचा घे. जुना ७५ वॅट खातो, नवा ३० च्या आसपास. तुमच्याकडच्या उन्हाळ्यात पंखा रात्रंदिवस फिरतो, फरक जाणवेल.

दवाखान्याचं मात्र नीट ऐक. जावईबापूंची पगाराची स्लिप काढून बघ. पगार २१ हजारांच्या आत असला की ईएसआयसी, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, लागू होतं, कंत्राटी कामगारालाही. १८ हजारांवर तुमचे १३५ रुपये कापले जातात आणि मालकाचे ५८५ भरले जातात. म्हणजे महिन्याला ७२० रुपये तुमच्या नावानं जातात, आणि तू ताप आला की खासगीत चारशे देऊन गोळ्या आणतेस! विमा नंबर मिळाला का, तुझं नाव त्यात आहे का, अवलंबून असलेल्या सासू-सासऱ्यांचं घालता येतं का, हे या आठवड्यात विचारून घ्या. कंत्राटदार टाळाटाळ करत असेल तर ईएसआयसीच्या कार्यालयात स्वतः जा. नंबर चालू झाला की चिकलठाण्याला त्यांचं रुग्णालय आहे. शिवाय घाटीचं सरकारी रुग्णालय आहे. तिथं रांग लागते, गर्दी असते, पण मोठ्या दुखण्यात तिथले डॉक्टर अनुभवी आहेत. मोठं ऑपरेशन निघालंच, तर सरकारच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत ते बसतं का हे विचारल्याशिवाय खासगीत पैसे भरायचे नाहीत. आमच्या गटातली जी जी घरं बुडाली, त्यातली बहुतेक दवाखान्यानं बुडाली. उधळपट्टीनं बुडालेलं घर मी फार कमी बघितलं.

म्हणून विमाही. बँकेतून सरकारच्या जीवनज्योती विम्याचे ४३६ आणि सुरक्षा म्हणजे अपघात विम्याचे २० रुपये माणशी वर्षाला कापले जातात, प्रत्येकी दोन लाखांचं संरक्षण. मेच्या शेवटी खात्यात तेवढे पैसे असू दे, नाहीतर विमा तुटतो. कारखान्यात यंत्रावर हात असणाऱ्या माणसाच्या घरात हे हवंच.

अजून एक सांगते, आणि हे तुझ्यासाठी. डाळीच्या डब्यात नवऱ्यापासून लपवून पैसे ठेवायची आपल्याकडं रीत आहे. माझ्या आईनंही ठेवले. तेव्हा बाईच्या नावावर दुसरं काहीच नसायचं, तिला इलाज नव्हता. तू लपवू नकोस, पण तुझ्या नावानं ठेव, उघड सांगून. तिकडच्या बायांचा बचत गट शोध आणि महिन्याला दोनशे का होईना, टाक. गटाच्या व्याजातला वाटा पुन्हा गटातच येतो, आणि अडीनडीला दार ठोठावायला दहा घरं होतात. भिशीत मात्र पडू नकोस. पहिल्या दोन-तीन जणींनी उचलून घर सोडलं की कुणाकडं जाणार?

आहेराचं तुम्ही दोघांनी ठरवा. माझं मत विचारशील तर सख्ख्या घरच्या लग्नाला मन भरून करा, बाकी ठिकाणी जाऊन पानं वाढू लागा, भांडी उचलू लागा. टॉवेल-टोपी कुणाच्या लक्षात राहत नाही. यायला-जायला एसटीनं ये, बायकांना निम्मं तिकीट आहे.

येळवसेला, वेळ अमावस्येच्या सणाला, दोघं या. भज्जी, आंबील, उंडे सगळं होईल, शेतातलंच असतं, खर्चाची काळजी करू नका आणि मिठाईचा पुडा आणू नका. वर्षाचा कागद करून आण, रात्री बसून बघू. येताना स्लिप आणि रेशनकार्डाची झेरॉक्स घेऊन ये. इथल्या ओळखीच्या शेतकऱ्याला मी मालदांडी ज्वारी एक क्विंटल सांगून ठेवते. पैसे मार्चमध्ये लागतील, तोवर तीन महिने हजार-हजार बाजूला टाक, कमी पडले तर मी घालीन, दिवाळीला परत कर. दोन रिकामी पोती मात्र धुऊन आण, इथं चांगली मिळत नाहीत.

तुझी,
मावशी