फाइल 'वापरात' आहे म्हणे, पण वापरतंय कोण?

सर्व्हरवरची एक्सेल शीट उघडली की 'ॲडमिनने उघडली आहे' असं येतं. आमच्याकडे ॲडमिन नावाचं कुणीच नाही आणि शीट तर सगळ्यांची बंद आहे.
– कर सल्लागारांचं कार्यालय, कॉलेज रोड

त्या नावावर जाऊ नका. एक्सेलच्या ऑप्शन्समध्ये जनरलखाली जे युजर नेम भरलेलं असतं, तेच तिथे दिसतं. कॉम्प्युटर लावून देणाऱ्याने सगळीकडे 'ॲडमिन'च ठेवलं असणार. आधी प्रत्येक मशीनवर तिथे बसणाऱ्याचं नाव घाला, म्हणजे पुढच्या वेळी निदान हाक कुणाला मारायची ते कळेल.

आता अडकलेल्या फाइलचं. शीट उघडली की एक्सेल त्याच फोल्डरमध्ये ~$ ने सुरू होणारी एक छोटी लपलेली फाइल तयार करतं आणि शीट नीट बंद केली की ती पुसतं. एक्सेल हँग झालं किंवा लॅपटॉप तसाच मिटून कुणी घरी गेलं, तर ती मागे राहते. एक्सप्लोररच्या व्ह्यूमध्ये 'हिडन आयटम्स'वर टिक करा, दिसेल. पुसून बघा. मुकाट्याने पुसली गेली तर ती जुनीच होती. विंडोज पुसू देत नसेल तर शीट कुठल्यातरी मशीनवर खरंच उघडी आहे.

मग सर्व्हरवर कॉम्प्युटर मॅनेजमेंट, त्यात शेअर्ड फोल्डर्स, त्यात ओपन फाइल्स. तिथे फाइल आणि ती धरून बसलेला युजर दिसतो. सगळे एकाच लॉगिनने येत असाल (छोट्या ऑफिसांत येतातच) तर शेजारच्या सेशन्समध्ये कॉम्प्युटरचं नाव बघा. राइट क्लिक करून फाइल बंद करता येते, पण त्याआधी त्या माणसाला फोन करा. त्याचं सेव्ह न केलेलं काम जाईल आणि शिव्या तुम्हाला बसतील.

लाइट गेली की ऑटोकॅडची ड्रॉइंग्ज रीड ओन्ली होतात, नुसती बघता येतात. सगळे पीसी तर यूपीएसवर आहेत.
– टूलरूम, अंबड एमआयडीसी

आणि नेटवर्कचा स्विच? तो बहुधा भिंतीवरच्या साध्या सॉकेटला असेल. लाइट गेली की पीसी चालू, सर्व्हर चालू आणि मधला दुवाच गायब. पीसी तुटला हे सर्व्हरला लगेच कळत नाही. तो जुनी फाइल उघडीच धरून बसतो. तोच पीसी पुन्हा जोडला गेला की स्वतःच्याच ड्रॉइंगबाहेर उभा! स्विच यूपीएसवर घ्या, अर्धा त्रास तिथेच संपेल. ड्रॉइंग कुणाकडे आहे ते ऑटोकॅडमध्ये 'हूहॅज' (WHOHAS) कमांड सांगते. कुणाकडेच उघडं नाही याची खात्री झाली, की ड्रॉइंगशेजारच्या त्याच नावाच्या डीडब्ल्यूएल आणि डीडब्ल्यूएल२ (.dwl, .dwl2) फाइली पुसा.

द्राक्षांच्या कन्साइनमेंटच्या फोटोंचं फोल्डर रिनेम होत नाही, 'दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडं आहे' म्हणतं.
– पॅकहाउस, पिंपळगाव बसवंत

तो दुसरा प्रोग्रॅम म्हणजे बहुतेक एक्सप्लोररच. फोटोंची छोटी चित्रं तो थंब्स डॉट डीबी या लपलेल्या फाइलमध्ये साठवतो आणि तीच धरून ठेवतो. फोल्डर ऑप्शन्समध्ये 'ऑलवेज शो आयकॉन्स, नेव्हर थंबनेल्स'वर टिक करा आणि प्रीव्ह्यू पेन बंद ठेवा.

आमच्याकडे रोज कुठली ना कुठली फाइल अडकते. सकाळी सर्व्हर रीस्टार्ट केला तर चालेल ना?
– पतसंस्था, पंचवटी

चालेल, पण कुणी अडकवली याचा मागही त्याबरोबर पुसला जाईल. रोजचंच आहे म्हणता, तर परवानग्या तपासा. 'कुणी चुकून डिलीट करू नये' म्हणून फोल्डरवरची डिलीटची परवानगी काढून टाकायची, हा उद्योग मी फार ठिकाणी बघतो. मग एक्सेललाही स्वतःची ~$ फाइल पुसता येत नाही आणि त्यांचा ढीग साठत जातो. शिवाय एक्सेल सेव्ह करताना आधी तात्पुरती फाइल लिहून मग जुनीच्या जागी ठेवतं; त्यालाही डिलीटची परवानगी लागते. त्या फोल्डरवर सगळ्यांना 'मॉडिफाय' परवानगी द्या. चुकून डिलीट होण्याची भीती असेल तर सर्व्हरवर शॅडो कॉपी (फाइलींच्या जुन्या प्रती राखून ठेवणारी सोय) चालू करा. मग गेलेली फाइल 'प्रीव्हियस व्हर्जन्स'मधून परत आणता येते.